नदीतल्या त्या काचेच्या नौकेसाठी एक तास द्या

प्रति,
परदेश सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे संचालक, सहलींचे कार्यक्रम आखणारी मंडळी आणि आमच्यासोबत गावोगाव फिरणारे टूर मॅनेजर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात मी आणि माझे बाबा तुमच्यापैकीच एका संस्थेबरोबर युरोपला जाऊन आलो. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या गुडघ्यांना सांभाळून, जेवणाच्या वेळा सांभाळून, बॅगा उचलून तुमच्या माणसांनी त्यांना आठ देश दाखवले, याचं ऋण मी मानते. हे पत्र हॉटेलच्या खोलीबद्दल नाही, जेवणाबद्दल नाही आणि कुणाची तक्रार म्हणूनही नाही. पॅरिसच्या कार्यक्रमात मला एक तास हवा आहे. तो कशासाठी, एवढंच सविस्तर सांगते.

पॅरिसच्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही सगळेच सेन नदीतली बोटीची फेरी ठेवता. आमची बोट आल्मा पुलाजवळून सुटली आणि प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडे निघाली. थोड्या वेळात आंव्हालिदचा पूल आला. पॅरिसमध्ये सेनवर जेवढे पूल आहेत, त्यात सगळ्यात ठेंगणा हाच. बोट त्याच्या कमानीखाली शिरते तेव्हा दगड अगदी डोक्यावर आल्यासारखे वाटतात. बोटीतली सगळी माणसं डावीकडे सरकली होती, कारण डाव्या हाताला ग्रां पालेचं काचेचं छत आणि पुढे तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावरचे सोनेरी घोडे दिसतात. बाबा मात्र उजवीकडे बघत होते. पुलाला लागून काठावर एक काचेची बुटकी इमारत पाण्यातच उभी होती. आत दिवे लागले होते आणि काचेतून भिंतींवरचे रंग दिसत होते.

"ते काय आहे गं? चित्रं दिसतायत," बाबा म्हणाले.

मी टूर मॅनेजरला विचारलं. मुलगा चांगला होता, धावून धावून सगळ्यांचं करत होता. त्याने फोनमध्ये बघून सांगितलं, "काका, रस्त्यावरच्या चित्रांची गॅलरी आहे म्हणे. आपल्या कार्यक्रमात नाही ती." एवढ्यात बोट पुढे गेली.

बाबांना ते सुटेना, याचं कारण मला ठाऊक होतं. बाबांनी चाळीस वर्षं बोर्ड आणि भिंती रंगवल्या. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीतले उमेदवार, खताच्या जाहिराती. गावात त्यांना अजूनही नावाने कोणी हाक मारत नाही, 'पेंटर' म्हणतात. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. ब्रश त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून कपाटात ठेवले, ते आजही तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमात अत्तरांचं दुकान होतं आणि त्यानंतर खरेदीसाठी मोकळा वेळ. आम्ही 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत' असं लिहून दिलं, सही केली आणि मेट्रोने आंव्हालिद स्टेशनला उतरलो.

तिथून नदीकाठाने चालत गेलो. हा काठ पूर्वी मोटारींचा होता. नदीला खेटून गाड्या भरधाव जात. २०१३मध्ये ओर्से संग्रहालयापासून आल्मा पुलापर्यंतचा २.३ किलोमीटरचा पट्टा गाड्यांना बंद करून माणसांना दिला. आता तिथे पोरं सायकली चालवतात, म्हातारी माणसं उन्हाला बसतात. पॅरिसचे हे नदीकाठ १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इतक्या मोलाच्या काठाला लागून, एरवी पोलिसांच्या भीतीने रात्री रंगवल्या जाणाऱ्या चित्रांना जागा मिळाली आहे, हे मला फार मोठं वाटलं. धक्क्याचं नाव पोर दु ग्रो कायू. ग्रो कायू म्हणजे मोठा गोटा. पॅरिसच्या सातव्या विभागातल्या या वस्तीचंच ते नाव आहे.

त्या काचेच्या तरंगत्या गॅलरीचं, म्हणजे नौकेचं, नाव फ्लुक्तुआर. जुलै २०१९मध्ये ती सुरू झाली. नदीकाठच्या पडीक आणि अर्धवट वापरातल्या जागांचं नव्याने काय करता येईल, यासाठी पॅरिस, रुआँ आणि ल हाव्र या शहरांनी मिळून प्रस्ताव मागवले होते. त्यातून निवडला गेलेला हा एक प्रस्ताव. आराखडा जेरार रोंझाती या वास्तुकाराचा, ज्यांनी पाण्यावरच्या इमारतींचंच काम केलं आहे. तीन मजले, चहूबाजूंनी काच, वर गच्ची. तिला नौका म्हणायचं ते ती तरंगते म्हणून. ती कुठे जात नाही. धक्क्यापासून एक छोटा पूल ओलांडून आत जायचं.

दारात बाबांनी सवयीने पाकीट काढलं. तिथल्या मुलीने हसून मान हलवली. तिकीट नाही. बाबांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, खात्री करायला. सहलीत आम्ही जिथे जिथे गेलो होतो, तिथे आमच्या पैशांनी आधीच तिकिटं काढलेली होती, रांगा होत्या, हातात कागदाचे तुकडे होते. इथे रस्त्यावरून यावं तसं आत आलो. रस्त्यावरचं चित्र बघायला तिकीट लागत नाही, आणि ते छपराखाली आणल्यावरही तो रिवाज त्यांनी पाळला आहे. लुव्र संग्रहालयाच्या तिकिटाचे २०२४मध्ये १७चे २२ युरो झाले. चार माणसांच्या कुटुंबाला तो आकडा किती जाणवतो, हे सहलीची किंमत ठरवताना तुम्हीच आम्हाला समजावून सांगता.

नावाची गोष्ट तुमच्या टूर मॅनेजरनी जरूर सांगावी, कारण त्या एका नावात सगळं शहर आहे. पॅरिसच्या मानचिन्हावर एक गलबत आहे आणि त्याखाली लॅटिन वचन: फ्लुक्तुआत नेक मेर्गितुर. हेलकावे खाते, पण बुडत नाही. मध्ययुगात सेनवर मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या शिक्क्यावर गलबत होतं, तिथून ते शहराकडे आलं. वचन १८५३मध्ये अधिकृत झालं. नोव्हेंबर २०१५मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले, आणि लगेच काही रस्त्यावरच्या चित्रकारांनी रेप्युब्लिक चौकात काळ्या भिंतीवर पांढऱ्या प्रचंड अक्षरांत हेच तीन शब्द रंगवले. लोक त्या अक्षरांपुढे मेणबत्त्या लावत होते. फ्लुक्तुआर हे नाव त्याच वचनातल्या पहिल्या शब्दाला 'आर', म्हणजे कला, जोडून केलेलं आहे.

आता आतलं सांगते.

प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे आम्ही जे बघितलं तेच तुमच्या प्रवाशांना दिसेल असं नाही. त्यांच्या संग्रहात बँक्सी, शेपर्ड फेअरी, जेआर, इन्व्हेडर, विल्स अशा जगभर नाव असलेल्यांची कामं आहेत. पण बाबांना ही नावं ठाऊक नव्हती आणि त्यांनी ती वाचलीही नाहीत. ते एका साच्याच्या कामापुढे उभे राहिले. साचा कापून, वरून रंगाचा फवारा मारून केलेलं एका माणसाचं चित्र. बाबा चष्मा कपाळावर ढकलून, नाक लावावं इतके जवळ गेले.

"हे बघ, जोड," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी हवेत बोटाने 'ठ' काढून दाखवला. पत्र्यात 'ठ' कापायचा असेल तर गोल कापताक्षणी मधला तुकडा गळून पडतो. छापलं की अक्षराऐवजी नुसता गोळा उठतो. म्हणून दोन ठिकाणी पत्र्याची बारीक पट्टी न कापता ठेवायची, ती मधल्या तुकड्याला धरून ठेवते. छापात तिथे रेघ तुटल्यासारखी दिसते. चित्रातल्या माणसाच्या डोळ्याभोवती, गळ्याच्या सुरकुतीत, शर्टाच्या बटणापाशी असे जोड होते, आणि बाबांनी ते एकामागून एक शोधून दाखवले. "याने जोड सुरकुतीत लपवलाय. हुशार माणूस आहे. मला 'ठ'मध्ये कुठे लपवता आला नाही कधी." कडेला रंगाची धूळ पसरली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "इथे साचा भिंतीला नीट टेकला नाही. घाईत होता." त्या कामाबद्दल मी वर लावलेली पाटी वाचून जेवढं समजले असते, त्याच्या दसपट त्या दहा मिनिटांत समजले. शेजारी एक फ्रेंच तरुण उभा होता, तो बाबांच्या बोटाच्या मागे मागे चित्र बघत होता. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण 'ठ' त्याला कळला.

त्याच वेळी बाहेरून पर्यटकांची मोठी बोट गेली आणि तिच्या लाटेने सगळा मजला हलकेच उचलला गेला, पुन्हा खाली बसला. चित्रं भिंतीवर स्थिर आणि आपण मात्र हलतोय. बाबांनी कठड्याला हात टेकला. काचेतून त्या बोटीकडे बघितलं तर तिच्यातली सगळी माणसं पलीकडे, ग्रां पालेच्या बाजूला वळलेली. आदल्या दिवशी आमचीही बोट तशीच गेली होती.

"आपल्या लोकांना त्यात काय कळणार?" असं तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. ही शंका मी सहलीतच ऐकली, म्हणून तिला जरा थांबून उत्तर देते. लुव्रमध्ये आम्ही मोनालिसापुढे गेलो. माणसांच्या डोक्यांवरून हात उंच करून फोटो काढला आणि लोंढ्याबरोबर बाहेर पडलो. चित्र महान आहे यात वाद नाही. पण आमच्या बसमधल्या चाळीस माणसांपैकी किती जणांनी ते बघितलं? भिंतीवर रंगवलेलं मात्र आपण जन्मभर बघत आलो आहोत. दुकानाचं नाव, देवळाच्या ओवरीतली चित्रं, शाळेतले सुविचार, दिवाळीत दारातली रांगोळी, लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती. उघड्यावर काढलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी काढलेलं आणि पावसात, उन्हात, चुन्याखाली जाणारं चित्र म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. त्यामुळे आपली माणसं या नौकेत परकी ठरणार नाहीत, उलट इतर अनेक ठिकाणांपेक्षा इथे त्यांना बोलायला जास्त असेल, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्याला पार्श्वभूमी हवी त्याच्यासाठी गोष्टींना तोटा नाही. १९७१मध्ये एर्नेस्त पिन्यों-एर्नेस्त या चित्रकाराने साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर माणसाच्या आकाराचे मृतदेह छापलेले कागद चिकटवले. शंभर वर्षांपूर्वी पॅरिस कम्यूनच्या उठावात मारल्या गेलेल्यांची ती आठवण होती. देवळाकडे जाणाऱ्यांना प्रेतांवरून पाय टाकत जावं लागलं. तुम्ही आम्हाला त्याच पायऱ्यांवर ग्रुप फोटोसाठी उभं करता. १९८१पासून ब्लेक ल रा हा पॅरिसच्या भिंतींवर साच्याने उंदीर काढू लागला. फ्रेंचमध्ये उंदीर म्हणजे 'रा', कला म्हणजे 'आर'. लिहिताना तीनच अक्षरं, नुसती जागा बदललेली. पुढे बँक्सीनेही उंदीर काढले आणि आपल्या आधी ब्लेकने हे करून ठेवलं आहे, हे मोकळेपणाने मान्य केलं. मिस तिक ही बाई १९८५पासून काळ्या केसांच्या स्त्रीचं चित्र आणि त्याशेजारी आपल्या दोन ओळी भिंतींवर साच्याने छापत आली, ती २०२२मध्ये वारली. इन्व्हेडरने बाथरूमच्या टाइल्सचे तुकडे लावून जुन्या व्हिडिओ गेममधली परग्रहावरची चिमुकली पात्रं कोपऱ्याकोपऱ्यांवर चिकटवली. एकट्या पॅरिसमध्ये त्याची हजारावर आहेत. बस सिग्नलला थांबली की पाट्यांच्या वर बघत राहा, एखादं तरी दिसतं. आमच्या सहलीतली तीन शाळकरी मुलं मागच्या सीटवर कंटाळून फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती. 'पुढच्या चौकापर्यंत कोण आधी शोधतो' एवढं कोणी म्हणालं असतं, तरी ती खिडकीला चिकटली असती.

नौका सुरू झाली तेव्हा पहिलं मोठं प्रदर्शन स्वून या अमेरिकन चित्रकर्तीचं होतं. ही बाई माणसाच्या उंचीची चित्रं कागदात कोरून रात्री भिंतींवर चिकटवायची. तिने आणि तिच्या सोबत्यांनी भंगारातून तराफे बांधले आणि २००९मध्ये एड्रियाटिक समुद्र ओलांडून ते तराफे थेट व्हेनिसच्या कालव्यांत नेले. तरंगत्या गॅलरीची सुरुवात तिच्यापासून व्हावी, यापेक्षा योग्य निवड मला सुचत नाही.

एक गोष्ट मला स्वतःला खटकली, ती लपवत नाही. रस्त्यावरचं चित्र छपराखाली, चौकटीत, खाली बार आणि वर गच्चीत सरबत, अशा जागी आलं की त्याचं काय उरतं? फ्रान्समध्ये परवानगीशिवाय भिंतीवर काही काढलं, तर किरकोळ नुकसानीलाही ३,७५० युरोपर्यंत दंड आणि समाजसेवेची शिक्षा कायद्यात आहे. ब्लेक ल रा १९९१मध्ये पकडला गेला, त्यानंतर तो भिंतीवर थेट रंगवायचं सोडून घरी छापलेले कागद चिकटवू लागला. एकीकडे दंड आणि दुसरीकडे मानाची जागा, हे दोन्ही एकाच शहरात चालतं. मी बाबांना हे विचारलं. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माझी एक भिंत तरी कुणी अशी ठेवली असती तर बरं झालं असतं." यावर मला पुढे काही बोलता आलं नाही.

बाहेर ठेवलेल्या चित्राचं काय होतं, याचं एक उदाहरण त्याच शहरातलं आहे. बाताक्लाँ नाट्यगृहात त्या २०१५च्या हल्ल्यात ९० माणसं मारली गेली. २०१८मध्ये तिथल्या आपत्कालीन दारावर बँक्सीच्या हातचं मान खाली घातलेल्या एका शोकमग्न मुलीचं चित्र उमटलं. जानेवारी २०१९मध्ये चोरांनी ते दारच कापून नेलं. २०२०च्या जूनमध्ये ते इटलीत एका घराच्या माळ्यावर सापडलं. जे चित्र मेलेल्यांसाठी काढलं होतं ते विकायच्या मालासारखं गाडीत घालून नेलं गेलं. हे कळल्यापासून छपराबद्दलचा माझा राग पुष्कळ निवळला. भिंतींवरचं भिंतींवर असावंच, त्यातलं थोडं कुठेतरी सुरक्षितही असावं, आणि ते सुरक्षित असलेलं बघायला गरिबाला दार बंद नसावं. या तीनही गोष्टी त्या काठावर जमून आल्या आहेत.

आता व्यवहाराचं बोलू, कारण शेवटी कार्यक्रम तुम्हाला बसवायचा आहे.

वेळ कुठून काढायचा? बोटीची फेरी बहुतेक संस्था आल्मा पुलाशी किंवा आयफेल टॉवरच्या पायथ्याशी ठेवतात. आल्मा पूल ओलांडून डाव्या काठाला उतरलं की आंव्हालिद पूल पाऊण किलोमीटरच्या आत आहे. गाड्या नाहीत, काठ सपाट आहे. बाबांच्या चालीने पाव तास. फेरी आधी आणि नौका नंतर, किंवा उलट, कसंही जमतं. आम्हाला अत्तरांच्या दुकानासाठी दोन तास होते. त्या दुकानात कोणाला जायचं असेल त्यांनी जरूर जावं, पण पर्याय म्हणून तरी ही जागा सांगा. सगळ्या चाळीस जणांना एकदम आत घालू नका, तीन मजले असले तरी जागा फार मोठी नाही. वीस आत, वीस काठावर चहा-कॉफी घेत, मग अदलाबदल. तिथल्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून सहल निघायच्या आधी बघून घ्या आणि सकाळऐवजी दुपारचाच विचार करा.

पुराचं मात्र भान ठेवा. सेनचं पाणी चढलं की खालचे काठ बंद करतात आणि मग नौकेपर्यंत जाताच येत नाही. आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव्ह सैनिकाचा दगडी पुतळा आहे, पॅरिसकर त्याच्या अंगावरून पाणी मोजतात. पायांना लागलं की काळजी. १९१०च्या महापुरात पाणी ८.६२ मीटरपर्यंत गेलं आणि त्याच्या खांद्यांना लागलं. पूर हिवाळ्यातच येतो असंही नाही. २०१६मध्ये ऐन जूनमध्ये, तुमच्या सहलींच्या हंगामात, पाणी ६.१० मीटरवर गेलं होतं. लुव्रला दारं बंद करून तळघरातल्या वस्तू वरच्या मजल्यांवर हलवाव्या लागल्या होत्या. तेव्हा ही नौका नव्हती. तिच्यासारख्या तरंगत्या वास्तूला वस्तू वर हलवायची गरज नाही, पाणी चढलं की ती आपली आपण चढते. पण आपल्याला तिच्यापर्यंत पोचायचं आहे, म्हणून फेरीच्या बोटीत बसतानाच त्या सैनिकाच्या पायांकडे एक नजर टाका.

आणि कोणाला आणखी अर्धा तास काढता आला तर मेट्रोची सहा नंबरची लाइन घ्या. तेराव्या विभागात ती जमिनीवरून, उंच खांबांवरून जाते आणि व्हॅंसाँ-ओरिओल रस्त्यावरच्या इमारतींच्या अख्ख्या भिंती दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या दिसतात. त्यात शेपर्ड फेअरीने काढलेली मारियान आहे, फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली स्त्री, आणि तिच्याभोवती स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द. हेच तीन शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. मेट्रोच्या एका तिकिटात, बसल्या जागी हे दिसतं, आणि पाय दुखणाऱ्या माणसांसाठी याहून सोयीचं काय असणार?

टूर मॅनेजरना एक वेगळी विनंती. तुम्ही बसमध्ये माइकवरून खूप छान सांगता, आयफेल टॉवरची उंची, नेपोलियन, राणी. त्यात पाच मिनिटं या माणसांना द्या. आणि आत गेल्यावर लोकांना 'फोटो काढा, पंधरा मिनिटांत परत या' असं सांगू नका. त्यांना विचारा की तुमच्यात रंगकाम कोणी केलंय का, शिवणकाम, सुतारकाम, रांगोळीचे छाप, छपाई, काहीही. चाळिसात चार तरी निघतील. त्यांना पुढे उभं करा आणि त्यांना काय दिसतंय ते सगळ्यांना सांगू द्या. आमच्या बसमध्ये एक काकू होत्या, तीस वर्षं कापडावर ठशांची छपाई करत होत्या. हे मला झुरिचला, परतीच्या विमानतळावर कळलं.

परतताना बाबा आंव्हालिदच्या पुलावर थांबले. खाली नौकेच्या गच्चीत मंडळी बसली होती. बाबांनी मोबाइल माझ्याकडे दिला आणि फोटो काढायला सांगितलं. तेरा दिवसांत त्यांनी स्वतः होऊन सांगितलेला तो एकच फोटो. घरी आल्यावर त्यांनी कपाटातले ब्रश काढले. कडक झाले होते, दोन दिवस टर्पेंटाइनमध्ये ठेवावे लागले. आता अंगणाच्या भिंतीवर पत्र्याच्या साच्याने अक्षरं छापायचं चाललं आहे. 'ठ'चा जोड कुठे लपवता येईल, याचे चार नमुने त्यांनी पुठ्ठ्यात कापून ठेवले आहेत.

त्यांचे दोन जुने सोबती, दोघेही पेंटर, पुढच्या मे महिन्यात युरोपला जायचं म्हणतात. कार्यक्रमपत्रिका मागवल्या आहेत, त्या घेऊन ते माझ्याकडे येणार आहेत. पॅरिसच्या दुसऱ्या दिवसाचं पान मी आधी उघडून बघणार आहे.

आपली,
तुमच्या सहलीतली एक प्रवासी